चटईवरच्या बाटल्या

हा सेखोबे
९ मार्च २०२५

खौहेलो,

आम्ही अजून जगतोय. तूही मासेरूच्या त्या कारखान्यात जीन्स शिवत जगत असशील. मका कणसाला आलाय, तांबडी गाय आटलीय आणि तुझी भाचेसून त्लालाने दिवसेंदिवस गोल होत चाललीय. बाळ जूनच्या थंडीत येईल.

फोन का केला नाहीस म्हणून ओरडू नकोस. इथे रेंज येते ती फक्त खिंडीतल्या दगडावर. त्या दगडापाशी गुराख्यांपासून पाद्रीबुवांपर्यंत सगळे कान टवकारून उभे असतात. मला सांगायचंय ते तिथून ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून चिठ्ठी मोखेलेच्या टॅक्सीने पाठवतेय. पाकीट चिकटवून वर टाकेही घातलेत. टाके उसवलेले दिसले तर मोखेलेचा कान धर.

आता ऐक. दवाखान्यातला परदेशी पैशाचा प्रकल्प बंद झाला. एका सोमवारी त्यांची पांढरी गाडी आली, सल्ला देणाऱ्या मुलींना निरोप दिला, गरोदर बायकांसाठी बांधलेल्या खोलीला कुलूप लावलं आणि गेली. सरकारी नर्स न्ताते तिएहो तेवढा उरलाय, रिकाम्या कपाटाकडे बघत.

तुला वाटेल, वहिनीला त्याचं काय? तर वहिनीलाच आहे. तुझा भाऊ खाणीतून खोकत घरी आला आणि गेला, तेव्हा मी सगळ्यांना क्षय सांगितला. क्षय होताच. पण त्याच्या मागे एचआयव्ही होता आणि तो मला देऊन गेला. तेव्हापासून मी गोळ्या घेतेय. म्हणून तर बैलासारखी कामं करते. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझा भाऊ तुझा देव होता. आज सांगावं लागतंय. माझी बाटली तळाला आलीय. तिथून गोळ्या पाठव.

आणि सुनेला कळता कामा नये. कळलं तर ती माझ्या हातचं खाणार नाही, बाळाला माझ्या मांडीवर देणार नाही. आधीच तिचं वागणं कळत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. मी तिला तिच्या आईकडे नदीपलीकडे धाडायला निघाले, तर तोंड पाडून बसली. कुठल्या मुलीला माहेर नको असतं? शिवाय रोज सकाळी पिठाच्या पोत्यात हात घालून काहीतरी तोंडात टाकते. कच्चं पीठ खाण्याचे डोहाळे मी जन्मात पाहिले नव्हते.

तुझी वहिनी,
मान्कोपाने


हा सेखोबे
९ मार्च

आत्याबाई,

नमस्कार. आम्ही जगतोय. सासूबाईही चिठ्ठी देताहेत, तीत त्यांनी माझ्या तक्रारी लिहिल्या असतील. त्या खऱ्या आहेत. ही चिठ्ठी मी मोखेलेच्या हातात वेगळी दिलीय.

पहिल्या तपासणीत माझं रक्त वाईट निघालं. एचआयव्ही आहे. मी भल्या पहाटे, दगडापाशी कुणी नसताना, तुमच्या भाच्याला, न्कोपानेला कळवलं. त्यानेही सीमेपलीकडे, केपकडच्या सफरचंदाच्या मळ्यावर तपासून घेतलं, त्यालाही आहे. त्याला तिथल्या दवाखान्यातून गोळ्या मिळतात. तो रागावला नाही. फोनवर रडला आणि म्हणाला, आईला सांगू नकोस, ती मोडून पडेल.

दवाखान्यातल्या मुलीने माझा हात धरून सांगितलं होतं की गोळ्या रोज घेतल्या तर बाळाला बहुतेक काही होत नाही. रोज, आत्या, एक दिवस चुकवायचा नाही. आता ती मुलगीच गेली. माझ्या गोळ्या मक्याच्या काढणीपर्यंत पुरतील, पुढे बाळंतपण आणि अंगावरचं दूध. सासूबाई मला माहेरी पाठवतात, पण नदीपलीकडे दवाखानाच नाही. का जात नाही ते सांगता येत नाही, म्हणून मी उद्धट ठरलेय.

मला माझं काही वाटत नाही. बाळ स्वच्छ जन्मावं एवढंच हवंय. काहीतरी करा.

सासूबाई तशा चांगल्या आहेत. रोज सकाळी गोवऱ्यांच्या ढिगामागे जाऊन तपकीर ओढतात. मी बघूनही न बघितल्यासारखं करते.

तुमची,
त्लालाने


मासेरू
२१ मार्च

वहिनी,

दोन्ही चिठ्ठ्या, म्हणजे तुझी चिठ्ठी मिळाली. टाके शाबूत होते.

भावाबद्दल वाचून मी शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले. सुपरवायझर म्हणाली, घरी जा. मी म्हटलं, घरीच आहे मी, आत्ता माझ्या घरातच काय झालं ते कळलंय. तो माझा देव होता हे खरं. पण तू एवढी वर्षं एकटीने हे पोटात ठेवलंस, त्याचा मला जास्त राग आला. माझ्यावरच.

आता गोळ्यांचं. मी रविवारचे कपडे घालून मोठ्या इस्पितळात गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, ज्याचं औषध त्यानेच यायचं, नणंदेला देता येत नाही. मी त्याला आपल्या घराण्याची महती सांगितली. त्याने पुढच्या बाईला हाक मारली.

तेव्हा माझं ऐक. तू इकडे ये. आणि येताना त्लालानेलाही आण. तिचं बाळंतपण इथे शहरात करू. का ते विचारू नकोस. मला तसं वाटतं म्हणून समज.

खौहेलो


हा सेखोबे
६ एप्रिल

खौहेलो,

वाटतं म्हणून? तुला आजवर उपाशी कुत्र्याची दया आली नाही आणि एकदम माझ्या सुनेचा पुळका आला? तुला मूल नाही, म्हणून माझं पहिलं नातवंड आपल्या दारात जन्माला घालायचा बेत दिसतोय. माहेर सोडून नवऱ्याच्या आत्याच्या भाड्याच्या खोलीत बाळंतपण! तिची आई मला गावभर धुवून काढेल. आणि मका कोण काढणार, तू?

असो. तुझ्या गोळ्यांवाचून आमचं अडलेलं नाही. आम्ही आमची सोय केली. कशी ते वाच आणि थक्क हो.

आमच्या अंत्यविधी मंडळाची बैठक होती. मरणाच्या वेळी सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हे मंडळ आपल्या आज्यांच्या वेळचं. त्लालाने नदीवर गेली होती, बरंच झालं. अध्यक्ष माथाकाने बाई प्रार्थना झाल्यावर म्हणाल्या, "बायांनो, आपण मेल्यावर वाटून घेतो. आता जगण्यापुरतंही वाटून घेऊ. ज्यांच्याकडे त्या गोळ्या आहेत त्यांनी चटईवर ठेवा." कुणी हललं नाही. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. एक जण खोकली, एकीला एकदम आठवलं की चुलीवर घाटा ठेवलाय.

मग माथाकाने बाईंनी चर्चच्या गणवेशाच्या त्या लाल पोलक्यात हात घातला आणि आपली बाटली काढून चटईवर ठेवली. माथाकाने बाई! ज्या मला दर गुरुवारी पापाबद्दल ऐकवतात! "काय बघता," म्हणाल्या, "मला काय नवरा नव्हता?" मग एकेक बाटली येऊ लागली. माझ्या उजवीकडच्या लिपुओने ठेवली. तिच्यासमोर मी सहा वर्षं पोटदुखीचं सोंग केलं होतं आणि तिने माझ्यासमोर डोकेदुखीचं. शेवटी मीही ठेवली. आणि खौहेलो, कुणीतरी हसलं, मग आम्ही सगळ्या हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्ही एकमेकींना घाबरत होतो!

आता सगळ्या गोळ्या एकत्र करून माथाकाने बाईंच्या ट्रंकेत ठेवल्यात. किल्ली त्यांच्या गळ्यात. एक दिवसाआड प्रत्येकीला एक. असं केलं की परदेशी लोकांचं मन फिरेपर्यंत पुरतील. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. आहे की नाही डोकं?

त्लालानेला पुढच्या महिन्यात माहेरी पोचवते.

मान्कोपाने


मासेरू
१० एप्रिल

वहिनी,

मोखेलेला सांगितलंय की वाटेत ज्वारीची जोआला प्यायला थांबलास तर तुझी टॅक्सी मी जाळीन. ही चिठ्ठी हातात पडताच ट्रंक उघडा. त्याच क्षणी.

तुमचं मन मोठं आहे, पण हा वेडेपणा आहे. तुझं पत्र वाचलं आणि मी परत त्या खिडकीतल्या माणसाकडे धावले. या वेळी तो स्वतःच बाहेर आला आणि मला बाकावर बसवून बोलला. एक दिवसाआड गोळी घेतली तर दुखणं मरत नाही, निर्ढावतं. मग तीच गोळी परत घेऊन उपयोग होत नाही. आणि सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. काहींत क्षय होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या असतात, काहींत जुन्या औषधाच्या. तुमच्या मंडळाने हा सगळा घाटा एका पातेल्यात ढवळलाय. ज्याची गोळी त्याला ओळखून द्यायला न्ताते तिएहोला बोलवा. ओळखू येणार नाहीत त्या घेऊ नका.

आता खरी गोष्ट. औषध संपलेलं नाहीच, वहिनी. तो माणूस म्हणाला, "बाई, आमच्या गोळ्यांपैकी बऱ्याच आपल्याच सरकारने घेतलेल्या आहेत. परदेशी पैशाची होती ती वर डोंगरात नेणारी गाडी आणि माणसं. गाडी थांबली, म्हणून लोकांना वाटलं औषध थांबलं." तुमच्या दवाखान्याची खोकी जिल्ह्याच्या गावी कोठारात पडून आहेत. कुणीतरी जाऊन आणायची, एवढंच.

तू मला कोडगी समजलीस, समज. पण माझं एक ऐक. त्लालानेला माहेरी धाडायच्या आधी तिला समोर बसव आणि तुझं स्वतःचं सांग, मला लिहिलंस तसं. ती काय म्हणते ते मग ऐक. मी याहून एक अक्षर जास्त लिहिणार नाही. मला दोन्हीकडून शपथ आहे, आणि आता तुला कळलंच असेल की मी लिहू नये ते लिहून बसलेय.

खौहेलो


हा सेखोबे
४ मे

खौहेलो, लबाडे,

"दोन्हीकडून शपथ" हे शब्द वाचून मी उंबऱ्यातच बसले. मग आत गेले. त्लालाने वाकून चूल फुंकत होती. मी म्हटलं, "पोरी, मला एचआयव्ही आहे. न्कोपानेच्या बापापासून. मी गोवऱ्यांमागे जाते ती गोळी घ्यायला. आता तुला माहेरी जायचं तर जा, राहायचं तर राहा."

ती फुंकणी खाली ठेवून, "म्हणजे तपकीर नाही?" म्हणाली. मग उठली, पिठाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पांढरीफटक झालेली बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

सांगू तुला, माझ्या पोरालाही आहे हे तिने सांगितलं तेव्हा मी छाती पिटून घेतली. नवरा त्यातच गेला, आता मुलगा, सून आणि पोटातलं. पण ती पोर माझे हात धरून म्हणाली, "आई, तुम्ही इतकी वर्षं घेताय आणि काल तुम्ही एकटीने बैल वळवलात. मग मला कशाची भीती?" मग आम्ही दोघी पिठाने माखेपर्यंत हसलो आणि रडलो. एका खोलीत राहतो, एका भांड्यात जेवतो आणि एक गोवऱ्यांमागे, एक पिठात! आता दोन्ही बाटल्या मिठाच्या डब्याशेजारी, सगळ्यांसमोर.

ट्रंकेचं तू लिहिलंस तेव्हा माथाकाने बाई आधी तापल्या. मासेरूची शहाणी आम्हाला शिकवणार, वगैरे. पण न्ताते तिएहोने ट्रंक उघडून बघितली आणि त्या थोराड माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सगळ्या दुपारभर बसून गोळ्या वेगळ्या करत होता. आम्ही सात-आठ दिवसच दिवसाआड घेतली होती. पुन्हा रोज सुरू करा, दोन महिन्यांनी रक्त बघू, म्हणाला. त्लालानेची बाटली पोत्यात होती म्हणून तिचा एकही दिवस चुकला नाही. त्या पिठाचे उपकार.

पण तिच्या बाटलीत आता तळ दिसत होता. जिल्ह्याला जाणार कशाने? मोखेलेची टॅक्सी पुराने मोडलेल्या रस्त्यामुळे दुसऱ्या बाजूने मासेरूला जाते, जिल्ह्याकडे जातच नाही. घोडेच हवेत. मग माथाकाने बाईंनी मंडळाचा नियम काढला, कुणी मेलं की प्रत्येक घराने घोडा द्यायचा. पुरुष म्हणाले, पण मेलंय कोण? बाई म्हणाल्या, "मेल्यावरच देणार का? मग मी आत्ता इथे आडवी होते, आणा घोडे." आणि खरंच चटईवर आडव्या झाल्या, लाल पोलक्यासकट. अर्ध्या तासात दारात नऊ घोडे उभे होते.

न्ताते तिएहो सखल भागातला, घोड्याला घाबरतो. त्याला बांधल्यासारखं बसवून मी पुढे आणि लिपुओ मागे. कोठारात खोकी होती, खौहेलो. आमच्या दवाखान्याचं नाव लिहिलेली, धूळ खात. तिथला माणूस म्हणाला, "कुणी नेतच नव्हतं." मला त्याला मारावं की मिठी मारावी कळेना. जीव भांड्यात पडला. त्लालानेच्या गोळ्या मी खोगिराच्या पिशवीत ठेवल्याच नाहीत, पोलक्यात ठेवून आणल्या.

आता दर दोन महिन्यांनी मंडळाचे घोडे जाणार. आडवं व्हायची गरज नाही, असं ठरलं.

तुझ्यावर मी रागावलेय. पण ये.

मान्कोपाने


हा सेखोबे
१ जुलै

खौहेलो,

मुलगी झाली. आई आणि लेक दोघी जगताहेत.

माहेरचा प्रश्न असा सुटला. मी स्वतः नदी ओलांडून त्लालानेच्या आईकडे गेले. म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या गावात दवाखाना नाही, बर्फाचे दिवस, पोरीला आमच्याकडून नेऊ नका." का ते त्लालानेने सांगायला परवानगी दिली होती, तेही सांगितलं. बाई उठल्या. मग आपलं ब्लँकेट, कातडं आणि पाणी तापवायचं भांडं घोड्यावर लादलं. म्हणाल्या, "मी असेन ते तिचं माहेर. चला."

प्रकल्पाची ती बंद खोली आमच्या मुखियाने उघडवली. त्याने कुलूप तोडायला लावलं. कुणी म्हणालं, परदेशी लोक रागावतील. तो म्हणाला, "पत्रे त्यांचे, पण वाळू आमच्या गाढवांनी वाहिली आणि पाणी आमच्या बायकांनी. त्यांनी दिलं त्याबद्दल त्यांचे आभार, आता झोपू द्या आमच्या मुलींना." त्या खोलीत विहीणबाई आणि त्लालाने दोन आठवडे राहिल्या. बर्फ पडलं त्या दिवशी कळा सुरू झाल्या. न्ताते तिएहो घोड्यावर जेवढा भित्रा, तेवढा इथे धीट.

न्कोपाने मळ्यावरून आदल्याच दिवशी पोचला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. माथाकाने बाई बादली घेऊन गेल्या आणि मागून थंड पाणी डोक्यावर ओतलं. त्यावरून बापाने ओळखायचं, मुलगी! बाहेर बर्फ, आणि माझा लेक भिजून कुडकुडत हसतोय. मुलगा झाला असता तर रीतीप्रमाणे पाठीत काठी बसून भागलं असतं.

बाळाला रोज औषधाचे थेंब देतो. सहा आठवड्यांनी रक्त घेणार, ते मासेरूला जाणार, मग कळणार.

मान्कोपाने


मासेरू
१२ जुलै

वहिनी,

तुझं पत्र मी सगळ्या कारखान्याला वाचून दाखवलं, जेवढं दाखवता येतं तेवढं. बादलीवाला भाग तीनदा.

पण एक कळलं नाही. मुलीचं नाव काय ठेवलंस? आजी नाव ठेवते आणि तू तर पोटात असल्यापासून नावं जुळवत होतीस. वजन लिहिलं नाहीस. कुणासारखी दिसते लिहिलं नाहीस. न्कोपानेने खिंडीतून फोन केला, तर म्हणाला, आई बाळाला घेतच नाही, नुसती भांडी घासते. बरी आहेस ना? खरं सांग.

खौहेलो


हा सेखोबे
७ सप्टेंबर

खौहेलो,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण देता येत नव्हतं. खरं सांग म्हणालीस, तर खरं हे की मला भीती वाटत होती. तुझ्या भावाला मी पुरलं. त्याआधी माझं धाकटं पोर पुरलं, तेव्हा गोळ्या नव्हत्या आणि ते कशाने गेलं हे मला फार नंतर कळलं. या मुलीला मांडीवर घेतलं आणि जीव लावला, आणि तिचं रक्तही तसंच निघालं तर? म्हणून मी तिचे लंगोट धुतले, पाणी तापवलं, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. विचारलं की म्हणायची, हात ओले आहेत. नावही ठेवलं नाही. सगळे तिला बाळ म्हणायचे. त्लालानेला कळत होतं. ती एकदाही टोचून बोलली नाही.

काल घोडे आले. न्ताते तिएहो आता एकटा घोड्यावर बसतो, पण अजून उतरता येत नाही. तो वरूनच ओरडला, "आजीबाई, स्वच्छ! मुलीचं रक्त स्वच्छ आहे!" मी मका सोलत होते. त्याला म्हटलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं. दूध तोडेपर्यंत आणखी तपासण्या आहेत, त्लालानेने गोळी चुकवायची नाही, हेही सांगितलं. गोळी ती चुकवणार नाही. मी आहे ना.

खौहेलो, मी एवढ्या मोठ्याने ओरडले की लिपुओ विळा घेऊन धावत आली, तिला वाटलं कुणी मेलं. माथाकाने बाई आल्या, त्यांनी भर अंगणात प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावर विसरल्या. न्कोपाने दगडावर जाऊन बसला आणि उठेना.

मी हात धुतले. चांगले पुसले. त्लालानेपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आण तिला." तिने दिली.

नाव फोमोलो ठेवलं, विसावा. आता त्लालानेला त्लालाने म्हणायचं नाही, ती माफोमोलो झाली, फोमोलोची आई, जशी मी न्कोपानेची. पाकिटावर तसंच लिही.

तू विचारलं होतंस, कुणासारखी दिसते. काल संध्याकाळपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मग आज सकाळी तिला उन्हात घेऊन बसले आणि मन भरेपर्यंत बघितलं. कपाळ विहीणबाईंचं आहे, हनुवटी माझी. पण नाक तुमच्या घरचं आहे, खौहेलो, चांगलं पसरट. तुझ्या भावाचंच.

मान्कोपाने